साप चावण्याआधी विचारा



पेरणीच्या आधी आपण बियाणे किती, खत किती, बैलांना वैरण किती, याचा सगळा हिशेब करतो. पाऊस लांबला तर काय करायचे, तेही ओसरीवर बसून ठरवून ठेवतो. आज मी तुम्हाला एकच प्रश्न विचारणार आहे. तुमच्या गावाला जो सरकारी दवाखाना लागतो, त्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आज सापाच्या विषावरच्या लसीच्या किती बाटल्या आहेत? ठाऊक आहे का? राग मानू नका. २०१६ सालापर्यंत मलाही ठाऊक नव्हते. त्याची किंमत आमच्या घराने मोजली, म्हणून हे लिहायला बसले आहे.

आमचे गाव मराठवाड्यातले. घरात आम्ही दोघी जावा. मी थोरली. धाकटी मला अक्का म्हणते. तिच्या पहिल्या बाळंतपणात मीच तिच्या उशाशी होते, त्यामुळे जावेपेक्षा बहीणच म्हणा. त्या साली सोयाबीन चांगले आले होते. आधीची वर्षे दुष्काळात गेलेली, म्हणून सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी यावे असे पीक. पण ऐन काढणीच्या तोंडावर पावसाने मांडी घातली. जरा उघडीप मिळाली तशी आम्ही घरची सगळी माणसे रानात उतरलो. कापून टाकलेले सोयाबीन उचलून गंजीला न्यायचे काम चालले होते. दुपारचे चार वाजले असतील. धाकटीने खाली वाकून कवळा भरला आणि एकदम ओरडली, "अक्का, काहीतरी चावलं!"

ढिगाखाली घोणस होती. अंगावर साखळीसारखे ठिपके, जाड आखूड शरीर, आणि कुकरची शिट्टी व्हावी तसा फुत्कार. धाकटीच्या उजव्या हातावर, मनगटाच्या जरा पुढे, दोन दात उमटले होते.

आता आम्ही काय केले ते ऐका. लपवून काय उपयोग? भाऊजींनी कासरा काढला आणि दंडाला करकचून आवळला. मग तिला गाडीत घालून गावातल्या मारुतीच्या देवळात आणले. तिथे कडुलिंबाचा पाला खायला दिला. कडू लागला तर विष चढले नाही, असे म्हणतात. "कडू लागतं," ती म्हणाली. सगळ्यांना धीर आला. मंत्र घालणारा शेजारच्या वाडीहून यायचा होता, त्याची वाट पाहिली. हात तोवर कोपरापर्यंत सुजला होता. काचेच्या बांगड्या मांसात रुतत होत्या. मी म्हटले, बांगड्या फोडा. तर आत्याबाई म्हणाल्या, "सवाष्णीच्या बांगड्या अशा फोडत नसतात गं." मीही गप्प बसले. त्या गप्प बसण्याचे मला आजही वाईट वाटते. त्या बांगड्यांचे वण तिच्या मनगटावर अजून आहेत.

दीड तास असा गेला. हिरड्यांतून रक्त यायला लागले तेव्हा आमचे डोळे उघडले. १०८ ला फोन लावला. गाडी एका बाळंतिणीला घेऊन गेली होती, यायला वेळ लागणार होता. मग गावातलाच टमटमवाला उठवला आणि अकरा किलोमीटरवरच्या आरोग्य केंद्रात गेलो. सव्वासहा झाले होते.

इमारत मोठी देखणी. भिंतीवर मोठ्या अक्षरांत 'चोवीस तास सेवा' असे रंगवलेले. आत एक सिस्टर, एक शिपाई आणि पंख्याखाली झोपलेले कुत्रे. डॉक्टरांच्या दोन जागा मंजूर. एक जागा रिकामी, आणि दुसरे डॉक्टर जिल्ह्याला मीटिंगला गेलेले. सिस्टरने फ्रीज उघडून दाखवला. लहान मुलांच्या लशी होत्या, सापाची एकही नव्हती. "चिठ्ठी देते, तालुक्याला न्या. वेळ घालवू नका," ती म्हणाली. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, दुसरे काय!

तालुका अठ्ठावीस किलोमीटर. पावसाने रस्ता खचलेला. तिथल्या ग्रामीण रुग्णालयात पोचायला आठ वाजले. तिथे दोन बाटल्या निघाल्या. त्या लावल्या आणि सांगितले, "आमच्याकडे एवढंच आहे, जिल्ह्याला न्या." जिल्ह्याच्या दवाखान्यात पाऊल टाकले तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. चावल्यापासून साडेसहा तास.

तिथे लस मिळाली, जीव वाचला. पण तोवर मूत्रपिंडे बंद पडली होती. लघवी होईना. रक्त यंत्रावर शुद्ध करावे लागेल, म्हणजे डायलिसिस करावे लागेल, असे डॉक्टर म्हणाले. यंत्रे कमी, रांग मोठी. खाजगी दवाखान्यात हलवले. एकोणीस दिवस ती तिथे होती. सोयाबीनचे सगळे पैसे गेले, बैलजोडी गेली, आणि वर उसनवारी झाली ती फेडायला तीन वर्षे लागली. धाकटी घरी आली. आज ती काम करते, हसते-बोलते; पण उजव्या हाताची दोन बोटे मिटत नाहीत, आणि मूत्रपिंडांची तपासणी वरचेवर करावी लागते.

वाचकहो, माझा राग तुम्ही समजू शकता. धाकटी घरी आल्यावर मी एकटीच त्या आरोग्य केंद्रात गेले. सिस्टरला वाटेल तसे बोलले. ती ऐकत राहिली. मग तिने कपाटातून एक वही काढून माझ्यापुढे ठेवली. त्या वर्षात तिने लसीची मागणी तीनदा लिहून पाठवली होती. तारखा होत्या, सह्या होत्या. उत्तर एकाचेही नव्हते. "बाई, रात्री मी इथे एकटी असते. साप चावलेलं माणूस दारात आलं की माझ्या पोटात गोळा येतो. मी मागते, पण माझ्या एकटीचं कोण ऐकतं? गावानं कधी काही विचारलं का?"

ते मला लागले. खरेच, गावाने कधी विचारले होते? वर्षातून चार वेळा ग्रामसभा होते. तिथे रस्त्यावर भांडण होते, घरकुलाच्या यादीवर भांडण होते, देवळाच्या सभामंडपावर तर हमरीतुमरी होते. दवाखान्याचा विषय मी तोवर एकदाही ऐकला नव्हता. ज्याच्याकडे चार पैसे आहेत तो शहरातल्या डॉक्टरकडे जातो आणि सरकारी दवाखान्याला नावे ठेवतो. ज्याच्याकडे नाहीत तो मुकाट्याने सोसतो. नावे ठेवणारा तिथे जात नाही, जाणारा बोलत नाही. मग दवाखाना सुधारणार कसा?

मग मी जे कळेल ते विचारू लागले, वाचू लागले. माझा भाचा कॉलेजात शिकतो, त्याने मदत केली. ते थोडक्यात सांगते, कारण ते प्रत्येक घरात ठाऊक असायला हवे.

स्वातंत्र्याच्या आधी, १९४६ साली, भोर समितीने सरकारला सांगितले होते की, खेड्यातल्या माणसाच्या जवळ आरोग्य केंद्र असले पाहिजे, आणि पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारावाचून राहता कामा नये. पुढे १९५२ पासून अशी केंद्रे निघू लागली. सपाट मुलखात तीस हजार वस्तीला आणि डोंगरी किंवा आदिवासी भागात वीस हजार वस्तीला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असे प्रमाण ठरले आहे. म्हणजे हे दवाखाने कोणाची मेहेरबानी नव्हे. आपण काडेपेटी घेतली तरी त्यात कर भरतो, त्याच पैशातून ते चालतात.

आता सापाचे. आपल्या मुलखात साप पुष्कळ, पण माणसे मरतात ती मुख्यतः चौघांमुळे: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. नाग आणि मण्यार यांचे विष नसांवर चालते. पापण्या जड होतात, जीभ अडखळते, शेवटी श्वास थांबतो. मण्यार तर रात्री अंथरुणात चावते आणि कळतही नाही. पहाटे पोटात दुखते म्हणून माणूस उठतो. घोणस आणि फुरसे यांचे विष रक्त बिघडवते. रक्त गोठत नाही, सूज चढते, आणि घोणशीच्या विषाने मूत्रपिंडेही बंद पडतात. या चारही विषांवर एकच लस चालते. तिचे खरे नाव प्रतिविष. घोड्यांना थोडे-थोडे विष टोचून त्यांच्या रक्तापासून ती तयार करतात. मुंबईला परळमध्ये १८९९ साली सुरू झालेल्या हाफकिन संस्थेचे नाव या लसीशी अनेक दशके जोडलेले आहे.

ही लस एक-दोन बाटल्या देऊन भागत नाही. विष चढल्याची खूण दिसली की सुरुवातीलाच आठ ते दहा बाटल्या सलाईनमधून द्याव्या लागतात. मूल लहान असले तरी तितक्याच, कारण सापाने मूल पाहून विष कमी टाकलेले नसते. रक्त बिघडले की नाही हे पाहायला मोठे यंत्रही लागत नाही. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवायचे. गोठले नाही तर घोणस किंवा फुरसे समजायचे. हे सगळे प्राथमिक आरोग्य केंद्रात होऊ शकते. पावडरीच्या रूपातली लस थंड, अंधाऱ्या जागी ठेवली तरी टिकते. तेव्हा वीज नव्हती, फ्रीज बंद होता, ही सबब दर वेळी चालण्यासारखी नाही. लसीने काहींना खाज, थंडी, धाप असा त्रास होतो, म्हणून काही डॉक्टर ती द्यायला बिचकतात. पण त्यावरचे इंजेक्शन स्वस्त असते आणि तेही तिथेच ठेवायचे असते.

हे ऐकून तुम्ही म्हणाल, बाई, हे पुस्तकात ठीक आहे, खेड्यातल्या केंद्रात कोण एवढे करतो? तर एका माणसाची गोष्ट सांगते. डॉक्टर हिंमतराव बावस्कर हे जालना जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या घरचे. १९७६ साली ते रायगड जिल्ह्यात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला लागले. कोकणात तेव्हा लाल विंचू चावून धडधाकट माणसे आणि लहान मुले पटापट मरत. त्यावर औषध नाही, असेच सगळे धरून चालले होते. बावस्करांनी रात्र-रात्र रुग्णांच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, धाप यांच्या नोंदी केल्या. रक्तदाबावरची प्राझोसिन नावाची साधी गोळी विंचवाच्या विषावर गुण देते, हे त्यांनी दाखवून दिले. त्यांचे लेखन विलायतेतल्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आले. विंचवाने मरणाऱ्यांचे प्रमाण अगदी थोड्यावर आले. २०२२ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. सांगायचा मुद्दा हा की, तेही सरकारी केंद्रच होते. डॉक्टर मुक्कामाला राहिला, औषध हाताशी असले आणि मनात कळकळ असली, म्हणजे त्याच चार भिंतींत माणसे जगतात.

उलट बाजूही पाहा. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात अंदाज केला आहे की, २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात सापाच्या दंशाने सुमारे बारा लाख माणसे मेली. वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार. त्यांतली बहुतेक खेड्यांतली, आणि शंभरातली सत्त्याहत्तर दवाखान्याबाहेर मेलेली. म्हणजे घरी, देवळात, मांत्रिकाच्या दारात नाहीतर वाटेत. आम्ही या चारपैकी तीन ठिकाणी वेळ घालवला होता. धाकटी वाचली हे नशीब.

मग आम्ही काय केले? आमचा बारा जणींचा बचत गट आहे. २०१७ सालच्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत आम्ही बाराही जणी जाऊन बसलो. मी उभी राहिले, पाय थरथरत होते. म्हटले, "आरोग्य केंद्रात सापाची लस कायम ठेवावी आणि डॉक्टरांनी मुक्कामी राहावं, असा ठराव लिहून घ्या." मागच्या बाजूला बसलेले हसले. सरपंच म्हणाले, "वहिनी, ते आपल्या हातात नसतं." मी म्हटले, "ठराव लिहिणं तर आपल्या हातात आहे ना?" ठराव लिहिला गेला. शेजारच्या तीन गावांतल्या बचत गटांनाही सांगितले, त्यांनीही लिहिला.

तेवढ्याने काही झाले नाही. सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मग आम्ही पाळी लावली. दर महिन्याच्या पहिल्या बाजारच्या दिवशी आमच्यातल्या दोघीजणी केंद्रात जायच्या आणि तीन प्रश्न विचारायच्या. सापाच्या लसीच्या बाटल्या किती? आज रात्री डॉक्टर कोण? १०८ ची गाडी नाही आली तर दुसरी कोणती? उत्तरे वहीत लिहायची, तारीख घालायची. पहिल्यांदा डॉक्टर चिडले. "तुम्ही कोण तपासणी करणाऱ्या?" मी म्हटले, "साहेब, तपासणी नाही. घरात मीठ आहे का बघतो ना, तसं बघायला आलो." सिस्टर मात्र तोंडाला पदर लावून हसली. तिला बरे वाटले होते.

भाच्याने दहा रुपये भरून माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. त्यातून कळले की केंद्राला रुग्ण कल्याण समिती आहे, तिच्याकडे थोडा निधी असतो, आणि समितीच्या बैठकांच्या कागदांवर सह्याही आहेत. बैठक कधी झाली ते मात्र सदस्यांना आठवेना! ती गोष्ट चार गावांत पसरली. त्यानंतर बैठका खरोखर होऊ लागल्या.

दीड-दोन वर्षे गेली. आधी पाच बाटल्या आल्या, मग दहा, मग वीस. त्या वीस बाटल्यांचे मोल आम्हाला २०२१ सालच्या जुलैत कळले. गावातल्या एका मजुराच्या नऊ वर्षांच्या मुलाला पहाटे पोटात दुखू लागले. डोळे उघडवेनात. आमच्या गटातली एकजण शेजारीच राहते. तिने ओळखले, मण्यार असणार. देवळात कोणी नेले नाही, पाला चारला नाही, दोर बांधला नाही. मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये धरून बसवला आणि पाऊण तासात केंद्रात. डॉक्टर नवे होते, घाबरलेले दिसत होते. त्यांनी जिल्ह्याच्या मोठ्या डॉक्टरांना फोन लावला, फोन कानाला धरूनच लस सुरू केली आणि मग गाडी बोलावून मुलाला पुढे पाठवले. पाचव्या दिवशी पोरगा घरी आला. त्याच्या आईने आमच्या गटातल्या एकेकीच्या हातावर साखर ठेवली.

सगळे सुधारले, असे मी म्हणणार नाही. डॉक्टरांची दुसरी जागा आमच्याकडे कधी भरते, कधी पुन्हा रिकामी होते. रस्ता आहे तसाच आहे. विचारायला जाणे एक-दोन महिने थांबले की बाटल्यांचा आकडाही खाली येतो, असा आमचा अनुभव आहे. म्हणून वही बंद केलेली नाही.

आता तुमच्यासाठी चार गोष्टी. साप चावला तर पहिली गोष्ट, धीर द्या आणि माणसाला चालवू नका, पळवू नका. हाताला-पायाला फळी लावून तो हलणार नाही असा ठेवा. दोर आवळू नका, चिरू नका, तोंडाने चोखू नका. अंगठी, बांगड्या, जोडवी, पैंजण लगेच काढा. निघत नसतील तर बांगडी फोडा. सवाष्णीचा जीव राहिला तर बांगड्या पुन्हा भरता येतात. साप मारायला किंवा पकडून न्यायला वेळ घालवू नका. लस असलेल्या दवाखान्यात थेट जा. त्यासाठी लस कुठे आहे हे आधी ठाऊक हवे, एवढेच मी सुरुवातीपासून सांगते आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या राज्यात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत केले आहेत, तेव्हा पैशाच्या भीतीने घरी थांबू नका. केंद्र सरकारनेही २०२४ साली सापाच्या दंशासाठी राष्ट्रीय आराखडा काढला आहे आणि २०३० पर्यंत असे मृत्यू निम्म्यावर आणायचे ठरवले आहे. कागद दिल्लीत निघाला. तो आपल्या केंद्राच्या कपाटापर्यंत पोचला की नाही, हे तिथे जाऊन आपणच पाहायचे.

हे संपवताना धाकटी शेजारी बसून शेंगा निवडते आहे. मी तिला म्हटले, तुझं सगळं लिहिलं गं, चालेल ना? ती म्हणाली, "लिहा अक्का. आणि त्या बांगड्यांचंही लिहा." लिहिले आहे.

येत्या बाजारच्या दिवशी पिशवी घेऊन निघाल, तेव्हा पाच मिनिटे आपल्या आरोग्य केंद्रात डोकावा. भांडू नका, आवाज चढवू नका. बाटल्या किती आहेत तेवढे विचारा आणि लिहून ठेवा. पुढच्या महिन्यात पुन्हा जा.

आपली,
एक शेतकरी भगिनी